दहा खटके मागं

ऑर्लिन टेव्हिसचं सगळं काम कानावर चालायचं, आणि कान गेले ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

सिडर फोर्क हे वायोमिंगच्या उघड्या पठारावरचं चाळीसेक घरांचं गाव. गाव संपलं की रस्ता जो खाली तोंड करतो तो चौदा मैल वर बघतच नाही. हा टॅलोचा घाट. तळाला खोरं, खोऱ्यात शुगरबीटची शेतं आणि साखर कारखान्याची धुरांडी. उतार सुरू व्हायच्या आधीचं शेवटचं छप्पर म्हणजे ऑर्लिनची पत्र्याची शेड. दारावरच्या पाटीवर एवढंच: 'ट्रेलरचे ब्रेक. खाली जायच्या आधी.' स्वतःचं नाव त्यानं कधी लिहिलं नाही. एकतीस वर्षांत कुणाला विचारायची गरज पडली नव्हती.

आधी यायचे ते हौशी. मासे धरायला निघालेले, पेन्शन खात हिंडणारे. गाडीमागं चाकांवरचं घर जोडायचं, त्यात पलंग, शेगडी, खिडकीला झालरीचे पडदे. मागच्या दहा-बारा वर्षांत हौशी कमी झाले आणि पोटामागं फिरणारे वाढले. जमिनीवरचं घर गेलं म्हणून चाकांवरच्या घरात आलेली साठी-सत्तरीची माणसं. उन्हाळ्यात कुठल्या तरी तळावर संडास धुवायचे, पानगळीत खोऱ्यात बीट रचायचे, नाताळाला कुठल्याशा गोदामात खोकी बांधायची. त्यांचे ट्रेलर जुने असत आणि ब्रेक त्याहून जुने.

या ट्रेलरचे ब्रेक विजेवर. पुढच्या गाडीत पायाखालचा ब्रेक दाबला की तारेतून वीज मागं जाते, चाकाच्या ड्रमातलं चुंबक चिकटतं आणि ड्रमावर घासून चाक थांबवणारा लायनर बाहेर ढकलतं. पण लायनर झिजतो, ड्रमापासून लांब राहतो, मग वीज येऊन उपयोग काय? म्हणून चाक जॅकवर उचलायचं, मागच्या फटीतून वाकडी पट्टी आत घालायची आणि दातेरी चकती एकेक दात फिरवायची, एका दाताला एक खटका. चाक हातानं फिरेनासं झालं की थांबायचं आणि दहा खटके मागं यायचं.

दहा हे सांगायला. ऑर्लिन दहा मोजत नसे. तो चाकाला एक हिसडा देई आणि कान लावून उभा राही. दोन दिवसांच्या दाढीवरून तळहात फिरवल्यावर येतो तेवढाच आवाज यायला हवा. त्याहून जास्त आला तर लायनर चिकटतोय, अजिबात नाही आला तर लांब पडलाय. कुठं सात खटक्यांत यायचा, कुठं तेरा लागायचे.

चारही चाकं झाली की तो मालकाच्या शेजारी गाडीत बसे आणि गुरांच्या वजनकाट्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर त्याला न्यायचा. स्टीअरिंगखाली हाताएवढी डबी असते, तिच्यावर एक फिरकी. मागं किती जोरानं वीज सोडायची ते ती ठरवते. ती फिरकी ऑर्लिन स्वतः लावत नसे. मालकालाच लावायला लावी, तीही सगळं सामान आत भरून, पाण्याची टाकी काठोकाठ करून. मग बाटलीतून लाल नखपॉलिश काढून फिरकीवर एक ठिपका द्यायचा. "हितनं हालली तर तुमची तुम्ही जाणा," असं म्हणायचा.

त्या ठिपक्यामागं ब्लेडसो नवरा-बायको होते. सोळा वर्षांपूर्वी सकाळी ऑर्लिननं त्यांचे ब्रेक आवळून दिले, दुपारी ते सातव्या मैलावर दरीत सापडले. पोलिसांनी डबी उघडून बघितली. सहावर लावलेली फिरकी दोनवर होती. गावातल्या सिग्नलला ट्रेलर हिसके देतो, कपाटातल्या बशा फुटतात, म्हणून बाई कुरकुरली असेल, त्यानं फिरकी कमी केली असेल आणि घाट आला तरी वाढवायची आठवण राहिली नसेल. अशा बशांपायी या घाटात कितीतरी गेलेत. ऑर्लिनवर ठपका आला नाही. ड्रम चारही नीट होते. ती डबी त्यानं मागून घेतली आणि शेडमध्ये खिळ्याला टांगली. दोष आपला नव्हता हे रोज बघायला त्याला बरं वाटायचं.

यंदा फेब्रुवारीत किटलीची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. पाणी आटून बूड लाल झालं तेव्हा त्याला कळलं. मग टाचणीसारखे सगळे बारीक आवाज एकेक करून गेले. माणसांचं बोलणं ऐकू येई, पण ते गोधडीखालून आल्यासारखं. आणि मार्चमध्ये एका सकाळी त्यानं चाकाला हिसडा दिला, कान लावला, आणि काहीच आलं नाही. त्यानं चाक पुन्हा फिरवलं. पुन्हा काही नाही. मालक म्हणाला, "झालं वाटतं?" ऑर्लिन म्हणाला, "झालं."

तेव्हापासून तो दहा मोजायला लागला.

त्याची बायको, आयव्हाडेल, वारून सहा वर्षं झाली होती. शेड सोडली तर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्याला पडायचा आणि तिथंच तो विचार सोडून द्यायचा. शेजारच्या खाणावळीची फर्न त्याला हाका मारून दमायची. "म्हाताऱ्या, बायकूचं ऐकलं न्हाईस, आता माझं बी ऐकायचं न्हाय असं ठरवलंस व्हय?" चार माणसं हसायची. ऑर्लिनही हसायचा. मुद्दाम ऐकत नाही म्हणून लोक हसतात तोवर ठीक आहे, असं त्याला वाटायचं.

सप्टेंबर संपता संपता एका बुधवारी सकाळी एक कळकटलेला ट्रेलर शेडपुढं येऊन उभा राहिला. गाडी बाई चालवत होती. शेजारी पट्ट्यानं बांधलेला लांब हाडाचा म्हातारा, उजवा हात मांडीवर टाकलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं.

"नेटी क्राउसहार," बाई खाली उतरत म्हणाली. पासष्टीची असेल, अंगात नवऱ्याचा कोट. "हे गस. एप्रिलमध्ये झटका आला. तवर गाडी त्यांनीच हाकली, ब्रेक बी त्येच आवळायचे. मला येतं ते सरळ जाणं. उद्या सकाळी सहाला खाली बीटाच्या ढिगावर नाव लावायचंय. ऱ्हायला सोताचा ट्रेलर हाय त्यालाच घेत्यात. सहाला न्हाय तर काम दुसऱ्याला."

"उद्या सहाला म्हंजी येळ हाय की," ऑर्लिन तिच्या ओठांकडं बघत म्हणाला.

"बर्फ पडणार म्हणत्यात."

"म्हणू दे. ब्रेक बघितल्याबिगर हितनं कुणी जात न्हाय."

गाडीतून म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "शनिवार!"

"तेवढाच शब्द ऱ्हायलाय त्यांच्याकडं," नेटी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले असं हुतं. भूक लागली तरी शनिवार, राग आला तरी शनिवार. सूर बघायचा. वर गेला की हो, खाली पडला की नको. ह्यो वर गेला. म्हंजी तुमचं पटलं त्यांना."

ऑर्लिनला सूर वर गेलेला कळलाच नाही.

त्यानं चाकं उचलली. बेअरिंग कोरडी पडली होती, ती काढून धुतली, नवं ग्रीस भरलं. डावी दोन्ही चाकं सरळ झाली. उजवं पुढचंही. उजव्या मागच्या चाकाची दातेरी चकती गंजलेली होती, दात झिजून बोथट झालेले. त्यानं आवळत आवळत चाक थांबवलं आणि मागं मोजायला लागला. एक. दोन. पट्टी दातावरून सटकते तेव्हाही हाताला खटका लागतो, चकती मात्र जागची हलत नाही. पूर्वी त्यानं चाक फिरवलं असतं आणि आवाजानं त्याला तोंडावर सांगितलं असतं. आता त्यानं दहा मोजले.

चाकाला हिसडा दिला. जड फिरलं.

नवं ग्रीस हाय, त्यानं मनाशी म्हटलं. थंडी हाय. ग्रीस घट्ट झालंय.

तेवढ्यात गाडीतला म्हातारा काचेवर डाव्या हाताची मूठ आपटायला लागला. "शनिवार! शनिवार!"

नेटी धावली. "काय झालं ओ? लघवीला?"

"शनिवार!" त्याचे डोळे मागं, उजव्या चाकाकडं होते. ते नेटीनं बघितलं नाही. तिनं त्याला उतरवलं, काठी दिली, शेडमागं नेलं आणि परत आणलं. त्याला लघवी झालीच नाही. "असंच करत्यात," ती म्हणाली. "उगं दमवत्यात."

ऑर्लिननं चाक खाली सोडलं.

काट्याकडं जाताना भुरभुर सुरू झाली होती, बर्फ आणि पाणी एकातच. ऑर्लिन मागच्या बाकावर बसला आणि पुढं वाकला.

"आता पाय लावू नका. म्हंजी ब्रेकला. डबीचा हा दांडा बोटांनी दाबा. ह्यानं निस्ता ट्रेलर थांबतो, गाडी न्हाय. काय वाटतंय? मागनं ढकलतोय का मागं वढतोय?"

"ढकलतोय."

"फिरकी एक घर वाढवा. पुन्यांदा."

"आता बी ढकलतोय. थोडा."

"वाढवा."

तिसऱ्या वेळेला ट्रेलरची चाकं ओल्या रस्त्यावर गच्च अडकून घसरली आणि नेटीच्या तोंडून शिवी निघाली. गस हसला, अर्ध्या तोंडानं.

"आता अर्धं घर मागं. दाबा. आता?"

नेटीनं दांडा दाबला. "काय बी न्हाय. ढकलत न्हाय, वढत न्हाय. मागं हाय हेच कळत न्हाय."

"ह्येच पायजे." त्यानं बाटली काढून ठिपका दिला. "गावात हिसके देईल. बशा फुटतील. फुटू द्या. ह्यो ठिपका हालवायचा न्हाय."

"बशा प्लास्टिकच्या हायत्या," नेटी म्हणाली. "काचंच्या घरासंगं गेल्या."

परत आल्यावर तो चारही चाकांना हाताची उलटी बाजू लावून बघायचा. सगळी सारखी कोमट लागली की काम झालं. त्यानं लावून बघितली. डावी गार, ओली. उजवं पुढचं गार. उजवं मागचं जरा ऊन लागलं. त्यानं हात पुन्हा लावला. वरून बर्फाचं पाणी वाहत होतं. या बाजूला रस्त्याचं पाणी कमी उडालं आसंल, त्याला वाटलं. वाटलं म्हणजे त्यानं वाटून घेतलं. चाक पुन्हा उचलायचं म्हणजे अर्धा तास, आणि उचलून तरी तो काय ऐकणार होता?

"जाऊ ना?" नेटी म्हणाली. "बर्फ वाढतोय."

"जावा. पहिल्या गिअरात. पाय सारखा ठिऊ नका, दाबा आणि सोडा."

गाडी रस्त्याला लागली. गस मागं वळून खिडकीतून बघत होता आणि त्याचं तोंड हलत होतं.

ऑर्लिन खाणावळीत शिरला. फर्ननं कॉफी आपटली.

"आरं काय लावून दिलंस त्या बाईला? डुकराच्या नरड्यावर सुरी ठेवल्यागत वरडत गेला की त्यो ट्रेलर! टपालवाला बाहीर येऊन बघतोय."

ऑर्लिन तिच्या ओठांकडं बघत राहिला.

"वरडत?" तो म्हणाला.

"आरं तुझ्याच दारातनं निघाला. तू तर तितंच हुबा हुतास." फर्न थांबली. हातातलं फडकं तिनं खाली ठेवलं. "ऑर्लिन. तुला ऐकू आलं न्हाय?"

तो उठला. कॉफी सांडली ती तशीच राहिली.

त्याचा पिकअप उताराला लागला तेव्हा बर्फ आडवा येत होता. पहिला मैल गेला, दुसरा गेला. कठड्याबाहेर बघायचं त्यानं टाळलं. लायनर सारखा घासत राहिला की ड्रम तापतो, ग्रीस वितळून लायनरवर येतं, ते पेटतं, बेअरिंग फुटतं आणि चाक एकटंच पुढं निघून जातं. हे त्यानं एकतीस वर्षं लोकांना सांगितलं होतं, खिळ्यावरच्या डबीकडं बोट करून.

चौथ्या मैलाच्या वळणावर, गाड्या थांबायच्या जागेत, ट्रेलर उभा होता. उजव्या मागच्या चाकातून पिवळट धूर निघत होता. नेटी भांडी धुवायच्या तसराळ्यात बर्फाचं पाणी घेऊन चाकाकडं निघाली होती.

"पाणी नगं!" ऑर्लिन ओरडला. "ड्रम तडकंल! ऱ्हाऊ द्या!"

तिनं पाणी त्याच्या अंगावर ओतलं.

"ह्यांनी दांडा वढला," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला होता की तोही त्याला नीट ऐकू आला. "डाव्या हातानं. तुमच्या त्या डबीचा. मी शिव्या घातल्या, हात झटकला, तर पुन्हा वढला. सोडीनातच. म्हणून थांबले, न्हाय तर..." तिनं खालच्या वळणाकडं हात केला आणि हात तसाच राहिला.

"ते तिकडं शेडमध्येच सांगत हुते," ऑर्लिन म्हणाला.

"काय?"

"चाक. त्यास्नी ऐकू आलं. तुम्हाला वाटलं लघवी. मला..." कोटावरून पाणी ठिबकत होतं. "मला ऐकू येत न्हाय, बाई. फेब्रुवारीपासनं. मी निस्तं मोजतो."

नेटीनं रिकामं तसराळं खाली टाकलं.

"फेब्रुवारीपासनं किती ट्रेलर सोडलंस?"

आकडा त्याला माहीत होता.

"दारात पाटी लावून बसलाईस," ती म्हणाली, आणि तुम्हीचं तू झालं ते नंतरही तसंच राहिलं. "आमच्यासारख्याला दुसरं ठिकाण न्हाय म्हणून येतो आमी. नाव ऐकून. अर्ध्या अंगाचा माणूस गाडीत बांधून आणला म्या."

"व्हय."

"व्हय काय व्हय!"

धूर विरायला अर्धा तास लागला. ड्रम निळा पडला होता आणि अ‍ॅक्सलचं टोक बेअरिंगनं खाल्लं होतं. त्याच्यावर खाली जाणं शक्य नव्हतं. नेटीनं खाली फोन लावला. पलीकडचा माणूस बरा बोलला म्हणे, पण मागं लोक थांबलेत, पुढच्या वर्षी लवकर या म्हणाला. तिनं फोन कोटात ठेवला आणि बर्फात उभी राहून नुसती चाकाकडं बघत राहिली. पलीकडं खोऱ्यात धुरांडी बर्फाआडून पुसट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ओढगाडीनं ट्रेलर वर आणला आणि शेडमागं लावला. अ‍ॅक्सल यायला तीन आठवडे होते. वीज आणि पाणी ऑर्लिननं शेडमधून दिलं. नेटीनं आभार मानले नाहीत, आणि त्याची अपेक्षाही नव्हती. फर्ननं तिला सकाळची भांडी घासायला घेतलं. ती कामावर गेली की गस शेडच्या दारात खुर्चीवर बसे, गुडघ्यावर घोंगडी टाकून, रस्त्याकडं बघत.

ऑर्लिननं फेब्रुवारीनंतरच्या कामांच्या चिठ्ठ्या काढल्या. सत्तेचाळीस. ज्यांचे नंबर होते त्यांना नेटी फोन लावायची आणि तो काय सांगायचं ते सांगायचा: चाकं उचलून घ्या, ब्रेक पुन्हा बघून घ्या, मला ऐकू येत नाही. काही जणांनी शिव्या घातल्या. त्या नेटीनं एकही शब्द न गाळता त्याला ओरडून सांगितल्या. एकवीस जणांनी फोन उचललाच नाही. त्यांच्यापुढं तो रोज पेन्सिलीनं एक रेघ ओढायचा.

पाटी त्यानं काढली, पण खिळ्यांची चार भोकं आणि पाटीच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. लोक सवयीनं थांबायचेच.

शनिवारी असाच एक जण थांबला. चाळिशीचा, मागं दोन अ‍ॅक्सलचा मोठा ट्रेलर, आत बायको.

"ब्रेक आवळून द्या की."

"मी बंद केलंय."

"बंद? आता पुढं घाट हाय."

"मला ऐकू येत न्हाय," ऑर्लिन म्हणाला. आता ते तोंडातून सरळ निघायचं. "माझ्या हातनं चूक हुईल. मागं नव्वद मैलांवर गॅरेज हाय, तितं जावा."

"नव्वद मैल मागं?" माणूस हसला. "आवो, आत्तापर्यंत आलो की नीट. तुमी निस्तं बघा तरी."

"निस्तं बघून कळत न्हाय."

माणसानं चाकाला बुटानं एक लाथ घातली, जणू तीही एक तपासणी. मग गाडीत बसला, बायकोशी काहीतरी बोलला, आणि मागं वळायच्या ऐवजी रस्त्याला लागून सरळ खाली निघाला. ऑर्लिन रस्त्यापर्यंत धावला, दोन्ही हात हलवत. गाडीतल्या बाईनं निरोपाचा हात हलवला.

तो परत आला तेव्हा गस खुर्चीत पुढं वाकून बसला होता. मान एका बाजूला, डोळे मिटलेले. ट्रेलर उतारावर नाहीसा झाला तरी तो तसाच ऐकत होता.

"घासतंय का?" ऑर्लिननं विचारलं. "का पार मोकळं हाय? गस, काय ऐकू येतंय?"

गसनं डोळे उघडले.

"शनिवार," तो म्हणाला.

सूर वर गेला की खाली पडला ते ऑर्लिनला कळलं नाही. विचारायला नेटी जवळ नव्हती, खाणावळीत भांडी घासत होती. त्यानं भिंतीवरची पिकअपची किल्ली काढली.